बाबांचा रकाना

माझ्या आईवडिलांचं लग्न झालेलं आहे, हे चाळिशी उलटल्यावर मला जपान सरकारला पटवून द्यावं लागलं. त्याआधी ते कुणाला पटवायची वेळ आली नव्हती. सांगलीच्या मंगल कार्यालयात पंगती उठल्या, मामाने जिलबीवरून आचाऱ्याशी भांडण काढलं, आणि ते लग्न झालं हे गावाला माहीत होतं. नोंदणी करावी असं कुणाच्या डोक्यातही आलं नाही.

आम्ही तिघं, म्हणजे मी, नवरा आणि मुलगी, तोक्योत निशी-कसाईला राहतो. नवरा पुण्याहून दोन वर्षांच्या प्रोजेक्टवर आला होता. ती दोन वर्षं कधी संपली ते आम्हाला कळलंच नाही. मी त्याच्या मागून आले. आधी घरीच होते, मग भाषा शिकले, आता एका लहान कंपनीत हिशेब बघते. मुलगी इथेच वाढली. तिला मराठी सगळं कळतं आणि ती उत्तर जपानीत देते. फ्लॅट घ्यायचं ठरलं, बँकेच्या चकरा सुरू झाल्या, आणि त्यातूनच इथलं नागरिकत्व घ्यायचा विषय निघाला. इथलं घ्यायचं तर भारताचं सोडावं लागतं, दोन्ही ठेवता येत नाहीत. त्यावर आम्ही पुष्कळ बोललो होतो. म्हणजे मी आणि नवरा, आपापसात.

पुण्याला आईबाबांशी रविवारी व्हिडिओ कॉल असतो. अशाच एका रविवारी मी सांगून टाकलं. आई म्हणाली, "म्हणजे आता तुम्ही कायमचे तिकडचे." मी म्हटलं, "अगं, असं काय करतेस, सुट्टीला येतोच की." बाबा नेहमी फोन असा धरतात की त्यांचं कपाळ आणि वरचा पंखा तेवढा दिसतो. ते कपाळ जरा वेळ हललं नाही. मग आवाज आला, "बरं."

आणि थोड्या वेळाने, "काय काय कागद लागतील?"

मला इतकं हायसं वाटलं की मी लगेच विषय बदलला. भोपळ्याच्या भावाचं काहीतरी बोलले.

बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. बाबांना मत नसतं, हा आमच्या घरातला जुना विनोद आहे. चहा की कॉफी विचारलं तर "असेल ते." पडद्यांचा रंग विचारला तर "तुम्ही बघा." माझ्या लग्नाच्या वेळी सगळं घर या मुलाबद्दल तावातावाने बोलत होतं, तेव्हा बाबा म्हणाले, "तिला आवडलाय ना." आई म्हणते, यांना विचारणं म्हणजे भिंतीला विचारून भाजी करण्यासारखं आहे. हे आम्ही त्यांच्यासमोर बोलतो आणि तेही हसतात. त्यामुळे "बरं" ऐकल्यावर त्यात आणखी काही शोधायचं असतं, हे मला सुचलंसुद्धा नाही.

नागरिकत्वाच्या अर्जाआधी इथल्या सरकारी कचेरीत भेटीची वेळ घेऊन सल्ल्याला जावं लागतं. आमच्या वाट्याला आलेल्या अधिकारी बाई माझ्याच वयाच्या असतील. केस मागे बांधलेले, समोर टोक काढलेली पेन्सिल, आवाज इतका हळू की मी आपोआप पुढे झुकून बसले. त्या एकेक कागद विचारत होत्या आणि यादीवर खूण करत होत्या. आईवडिलांच्या विवाहाचा दाखला आला तेव्हा मी म्हटलं, "नाहीये."

"म्हणजे त्यांचा विवाह झालेला नाही?" त्यांनी विचारलं. चेहऱ्यावर काही नव्हतं. कोणती खूण करायची तेवढंच त्यांना हवं होतं.

मला मात्र कानशिलं गरम झाल्यासारखं वाटलं. मी घाईघाईने म्हटलं, लग्न झालंय, रीतसर झालंय, फक्त नोंद नाही. त्या नुसत्या बघत राहिल्या, म्हणून मी पुढे एक वाक्य जोडलं, आणि ते जोडताना हसले. म्हटलं, "आमच्याकडे जुन्या काळातली माणसं जरा अशीच असतात. कागदाचं महत्त्व त्यांना कळत नाही."

बाई हसल्या नाहीत. त्यांनी मान हलवली आणि पेन्सिलीने काहीतरी लिहिलं.

परतताना तोझाई लाइनच्या मेट्रोत नवरा फ्लॅटच्या व्याजाबद्दल बोलत होता आणि मला ते हसू आठवत होतं. ज्या माणसाने माझा जन्मदाखला, शाळेचे सगळे निकाल आणि लहानपणीच्या लसीकरणाचं कार्डसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवलं, त्याला कागदाचं महत्त्व कळत नाही, असं मी एका परक्या बाईला सांगून आले होते. तेही तिच्या नजरेत मी सुधारलेली दिसावी म्हणून. लाज वाटली. पण ती मी घरी पोचेपर्यंतच ठेवली, कारण घरी पोचल्यावर पुण्याला फोन करायचा होता आणि काम सांगायचं होतं.

"नोंदणी आत्ताही होते बाबा. तेवढी करून टाका ना."

"बघतो," बाबा म्हणाले.

बाबांनी काय काय बघितलं ते मला तुकड्यातुकड्याने कळलं, तेही आईकडून. उशिरा नोंदणी करायची तर लग्नपत्रिका लागते. घरातली वाळवीने खाल्लेली. मामाकडे एखादी निघेल म्हणून बाबा एसटीने सांगलीला जाऊन आले. लग्न लावणाऱ्या भटजींची सही लागते. भटजी कधीच वारले. मग स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र आलं. आईचा शाळा सोडल्याचा दाखला आणायचा तर तिच्या शाळेचं नाव बदललेलं, इमारतही दुसरीकडे गेलेली. शिवाय साक्षीदार तीन. शेजारचे काका, बाबांचे खात्यातले एक मित्र आणि मामा, असे तिघं जमवायचे, तर एकाला वेळ असेल तेव्हा दुसऱ्याच्या डोळ्याचं ऑपरेशन. क्षेत्रीय कार्यालयाचं विवाह नोंदणीचं टेबल दुसऱ्या मजल्यावर आणि बाबांचा उजवा गुडघा गेलेला. एकदा ते वर चढून गेले तर सर्व्हर बंद होता. "उद्या या" म्हणाले, तर दुसऱ्या दिवशी गेले.

हे मला माहीत होतं. माहीत नव्हतं असं म्हणायची सोयच नाही. आई सांगत होती आणि मी इकडे डबा भरता भरता "हो का", "अरे बापरे" म्हणत होते. वर मी म्हणाले, "आई, त्यांना म्हणावं जरा घाई करा, इकडची तारीख जवळ आलीये."

शेवटी नोंदणी झाली. काउंटरवरच्या मुलीने म्हणे विचारलं, "काय आजोबा, इतकी वर्षं ट्रायल घेत होता का?" आणि आई तिला म्हणाली, "अगं, अजून चालूच आहे." शेजारच्या काकांनी फोटो काढून पाठवला. आईने साधीच साडी नेसते म्हणत मोतिया रंगाची ठेवणीतली नेसली होती. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. दोघं कार्यालयाच्या जिन्यात उभे, आणि बाबांच्या हातात तो दाखला, छातीशी धरलेला.

तो फोटो मी ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरच्या बाईला दाखवला. म्हटलं, माझ्या आईवडिलांचं परवा लग्न झालं. ती खूप हसली. मग तिने दुसरीला बोलावलं आणि मी तीच गोष्ट पुन्हा सांगितली, या वेळी सर्व्हर बंद असल्याचं घालून.

दाखला कुरियरने आला. आता अर्जाचे कागद भरायचे होते. त्यात नागरिकत्व का हवं ते स्वतःच्या हाताने लिहून द्यायचं असतं. मी कच्चं लिहून काढलं, की इथे सुरक्षित वाटतं, शेजारी मदत करतात, मुलीची शाळा चांगली आहे. सगळं खरं होतं आणि तरी वाचताना ते कुणा दुसऱ्या बाईने लिहिल्यासारखं वाटत होतं. नवरा म्हणाला, "ठीक आहे, त्यांना एवढंच हवं असतं."

मग नातेवाइकांचा कागद आला. आईवडील, भाऊबहीण, प्रत्येकाचं नाव, पत्ता, व्यवसाय, फोन. त्यांच्याशी कितपत संबंध आहेत. आणि शेवटी एक रकाना, अर्जदाराने इथलं नागरिकत्व घेण्याबद्दल या नातेवाइकाचं मत काय. त्यात तीन पर्याय छापलेले. सहमत, विरोध, विशेष काही नाही. हवं त्याला गोल करायचा.

सासूबाईंना नवऱ्याने तिथल्या तिथे फोन लावला. त्यांनी तत्काळ सहमती दिली आणि वर विचारलं की तिकडे म्हाताऱ्या माणसांना रेल्वेत सवलत असते का. नवऱ्याने त्याच्या कागदावर गोल केला. माझ्या आईपुढे मीही सहमत केलं, कारण ती एव्हाना मैत्रिणींना सांगत सुटली होती की माझी मुलगी जपानची होणार. तिला विचारायला हवं होतं, पण ते उत्तर निदान मी ऐकलेलं होतं.

बाबांच्या ओळीवर आले आणि मला हसू फुटलं. नवऱ्याला म्हटलं, "हे बघ, तिसरा पर्याय खास आमच्या बाबांसाठी छापलाय."

तोही हसला. मुलगी सोफ्यावर फोन घेऊन आडवी पडली होती. तिला मी अर्जाबद्दल विचारलं होतं तेव्हा ती म्हणाली होती, "बेत्सुनी." इथली या वयाची मुलं कशालाही हेच म्हणतात, विशेष काही नाही. मी म्हटलं, "आजोबा आणि नात अगदी एका माळेचे मणी." आणि बाबांच्या ओळीत तिसऱ्या पर्यायाला छान गोल केला.

कागद तपासायला पुन्हा त्याच बाईंकडे गेलो. त्यांनी विवाहाचा दाखला हातात घेतला, माझं भाषांतर शेजारी ठेवलं आणि बोट ठेवून एकेक ओळ जुळवली. नोंदणीची तारीख पाहून त्या थबकल्या. दाखल्यावर दोघांचे छोटे फोटो असतात, ते त्यांनी पाहिले.

"हे त्यांनी आता करून घेतलं? तुमच्यासाठी?"

"हो," मी म्हटलं. "वडिलांनी सगळं केलं."

"खूप धावपळ झाली असेल."

मी काहीतरी नम्र बोलले. मग नातेवाइकांचा कागद आला. बाबांच्या ओळीवर त्यांची पेन्सिल थांबली.

"वडिलांचं मत, विशेष काही नाही?"

"ते तसेच आहेत," मी म्हटलं. "त्यांना कशाबद्दलच विशेष मत नसतं."

"असं ते म्हणाले का?"

 जपानीत माफी मागायचे कितीतरी प्रकार मला येतात, आणि त्यातला एकही त्या प्रश्नाचं उत्तर नव्हता. शेवटी मी म्हटलं, "त्यांनीच तर सगळे कागद गोळा केले. विरोध असता तर केले असते का?"

"कागद गोळा करणं वेगळं," त्या हळूच म्हणाल्या. "हा रकाना त्यांचा आहे. जे असेल ते लिहा, एवढ्यावरून अर्ज अडत नाही. पण विचारून लिहा, कृपया." आणि त्यांनी त्या ओळीवर एक पिवळी चिकटचिठ्ठी लावली.

शेजारी नवरा बसला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. मला वर्गात सगळ्यांसमोर उभं केल्यासारखं वाटलं, पण त्या बाईंचा राग मात्र आला नाही. आला असता तर बरं झालं असतं.

रविवारी फोन केला. आई देवळात गेली होती. कपाळ आणि पंखा दिसले. मी आधी गुडघ्याचं विचारलं, मग उन्हाचं, मग गुडघ्याचं परत विचारलं.

"हे आत्ताच विचारलंस," बाबा म्हणाले.

"बाबा, एका कागदावर तुमचं मत लिहायचंय. आम्ही इथलं नागरिकत्व घेतोय त्याबद्दल."

"माझं मत?"

"हो. तिथे तीन पर्याय आहेत." मी मराठी करून वाचून दाखवले. "मी विशेष काही नाही असं लिहिलं होतं. पण कचेरीतल्या बाई म्हणाल्या, विचारून लिहा."

कपाळ हललं. मग बाबांनी फोन खाली घेतला आणि त्यांचा अख्खा चेहरा दिसला. इतक्या रविवारांत मी तो असा समोरून पाहिला नव्हता. दाढीचे खुंट पांढरे झाले होते.

"विरोध लिहिला तर तुझं काम अडेल का?"

"नाही अडणार."

"नक्की विचारलंस?"

"त्याच म्हणाल्या."

"मग विरोध लिही," बाबा म्हणाले.

आवाज नेहमीचाच होता. चहा की कॉफीला उत्तर द्यावं तसा. मी जे सुचलं ते म्हणाले, आणि ते तक्रारीसारखं निघालं.

"पण बाबा, मग इतके सगळे कागद कशाला गोळा केलेत? सांगलीला गेलात, जिने चढलात."

"तू मागितलेस म्हणून," बाबा म्हणाले. "कागद मागितलेस, ते दिले. मत मागितलं नव्हतंस."

माझ्या मागे मुलगी उभी होती. ती कधी आली ते मला कळलं नव्हतं. तिने जपानीत विचारलं, "आजोबांना विचारलंच नव्हतं?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसतं नवल होतं, आणि त्या क्षणी जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं असं वाटलं. लाज मला त्या सबंध काळात बऱ्याचदा वाटली होती, हसल्याची, फोटो दाखवल्याची. पण ती लाज दुसऱ्यांनी आपल्याला कसं पाहिलं असेल याची होती. ही वेगळी होती. इथे कुणी बघत नसतं तरी वाटली असती.

मी म्हटलं, "बाबा, थांबवू का मग? अर्ज अजून दिलेला नाही."

"थांबवायचं कशाला? तुमचं घर, तुमची नोकरी, पोरीची शाळा सगळं तिकडे. मी कुठे थांब म्हणतोय? मत विचारलंस, ते सांगितलं." मग म्हणाले, "कारण लिहायला जागा आहे का?"

"नाही."

"मग झालं."

इतक्यात आई आली, प्रसादाची वाटी कॅमेऱ्यासमोर धरून मला दाखवायला लागली, आणि ते तिथेच राहिलं.

तो कागद मी पुन्हा कोरा घेतला. आईची ओळ तिला विचारून भरली. बाबांच्या ओळीत मधल्या पर्यायाला गोल केला. गोल व्यवस्थित आला. नवरा बघत होता. तो म्हणाला, "सहमत केलं असतंस तरी त्यांना काय कळणार होतं," आणि लगेच म्हणाला, "नाही, बरोबर आहे."

पुढच्या भेटीत मुलगीही बरोबर होती. बाईंनी जुना कागद आणि नवा कागद शेजारी ठेवले. विरोध हा शब्द पाहून त्यांच्या भुवया जरासुद्धा हलल्या नाहीत. पिवळी चिठ्ठी काढून त्यांनी दुमडली.

"काही कारण सांगितलं का त्यांनी? लिहायची गरज नाही. पुढे मुलाखतीत कदाचित विचारतील."

"मी विचारलं नाही," मी म्हटलं.

या वेळी त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. मग अर्ज स्वीकारल्याची खूण केली, आम्ही तिघं कमरेतून वाकलो, त्याही वाकल्या, आणि आम्ही बाहेर पडलो.

नवरा आणि मुलगी पुढे कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या चोवीस तास उघड्या दुकानात शिरली. मी फुटपाथवर उभी राहून पुण्याला फोन लावला. रविवार नव्हता, त्यामुळे बाबा दचकले. आधी विचारलं, "सगळे बरे आहात ना?"

"बरे आहोत. अर्ज दिला आज."

"घेतला त्यांनी?"

"घेतला. बाबा, तुमचा विरोध का आहे?"

पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली आणि आईने गॅस बारीक केल्याचा आवाज.

"ते फोनवर सांगण्यासारखं नाही," बाबा म्हणाले. "तू येशील तेव्हा सांगेन."

"येईन ना. सुट्टीत येते."

"हो, पण आता तुला इकडे यायला व्हिसा लागेल ना?"

 "मंजूर झालं की लागेल, बाबा."

"मग त्याला काय काय कागद लागतात, ते आत्ताच विचारून ठेव," बाबा म्हणाले. "इकडच्या कुणाचं बोलावल्याचं पत्र लागत असेल, तर मी देतो लिहून."